सावल्यांच्या पावलांचा आवाज

पहिली घंटा झाली तेव्हा आम्ही तळमजल्यावर कोटांच्या रांगेतच होतो. रशियात थिएटरात जाताना अंगावरचा जाड कोट आत नेता येत नाही. तो काउंटरवर द्यायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा, बर्फातले बूट काढून पिशवीतले चांगले बूट घालायचे आणि मग माणसांत यायचं. मावशीने कोट दिला, पण शाल देईना. काउंटरमागच्या आजीबाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हातानेच सांगितलं, राहू दे. दोघी साधारण एका वयाच्या. जिना चढताना दुसरी घंटा झाली. मावशी म्हणाली, "इथंही तिसऱ्या घंटेलाच पडदा वर जातो ना? मग आपलंच थिएटर आहे हे. चल."

मावशी कोल्हापूरची. जन्मभर गाणं शिकवलं, तेही जयपूर घराण्याचं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे आताच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, तिने लहानपणापासून संगीत नाटकं ऐकली. हो, ऐकलीच. नाटक 'बघायला' गेले होते असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. सेंट पीटर्सबर्गच्या मारीन्स्की थिएटरात बॅले बघायला मी तिला घेऊन गेले, तेव्हा ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

मारीन्स्कीच्या जन्मकथेत आग आहे. याच जागी सर्कशीचं थिएटर होतं. ते १८५९ साली जळालं आणि अल्बेर्तो काव्होस या वास्तुविशारदाने १८६० मध्ये इथे नवं थिएटर उभं केलं. झार दुसरा अलेक्झांडर याची राणी मारिया, तिच्या नावावरून मारीन्स्की. पहिला प्रयोग ग्लिंकाच्या ऑपेराचा. क्रांतीनंतर राणीचं नाव गेलं. खून झालेल्या किरॉव्ह या पुढाऱ्याचं नाव १९३५ मध्ये आलं आणि १९९२ मध्ये पुन्हा राणीचं. महायुद्धात लेनिनग्राडला, म्हणजे याच शहराला, वेढा पडला तेव्हा इथले कलावंत दूर पर्मला हलवले गेले. इमारतीवर तोफगोळे पडले, तरी १९४४ च्या सप्टेंबरात दारं परत उघडली. हे सगळं मी मावशीला सांगत होते. ती आगीपाशीच अडकली. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं, त्या रात्री ती झोपली नव्हती. एवढंच म्हणाली, "जळलेल्या जागी परत थिएटरच बांधलं त्यांनी. बरं केलं."

आत गेल्यावर मात्र ती गप्प झाली. मारीन्स्कीचं प्रेक्षागृह निळं आहे. आपल्या डोळ्यांना राजेशाही थिएटर म्हटलं की लाल मखमल दिसते. इथे खुर्च्या, पडदे, सज्जे सगळ्यांवर पहाटेच्या आभाळाचा फिका निळा, आणि त्यावर सोनं. घोड्याच्या नालासारखे वळलेले सज्ज्यांचे मजले एकावर एक चढत जातात. बरोबर मध्ये शाही बॉक्स आहे. सुमारे १६०० माणसं बसतात, पण नालाच्या आकारामुळे समोरच्या बाजूचे चेहरे दिसतात आणि घर भरल्यासारखं वाटतं. दर्शनी पडदा १९१४ साली अलेक्झांडर गोलोविन या चित्रकाराने केला. एका राणीच्या पोशाखाच्या मागे लोळणाऱ्या घोळाच्या नक्षीवरून त्याने तो बेतला म्हणे. ते कळल्यावर पडद्याकडे बघण्याची नजर बदलते. पुढ्यात कोणी तरी पाठमोरी उभी आहे आणि आता वळणार आहे, असं वाटत राहतं.

तिसरी घंटा झाली. खाली वादकांच्या पिटात वाद्यं जुळवणं चालू होतं. एक सूर धरून सगळ्यांनी त्याला येऊन मिळणं. मावशीने डोळे मिटले. तिच्यासाठी प्रयोग तिथेच सुरू झाला होता.

त्या रात्रीचा बॅले होता 'ला बायादेर', रशियनमध्ये 'बायादेर्का'. मारियुस पेतिपाने तो बसवला आणि लुडविग मिंकुसने संगीत दिलं. पहिला प्रयोग १८७७ चा, पण या इमारतीतला नव्हे. तेव्हा बॅले समोरच्या चौकाच्या पलीकडच्या बल्शोय कामेन्नी थिएटरात होत असत. १८८६ मध्ये ते थिएटर बंद झालं, बॅले रस्ता ओलांडून मारीन्स्कीत आला आणि जुन्या थिएटरच्या जागी संगीत विद्यालय उभं राहिलं. म्हणजे संध्याकाळी येताना ज्या इमारतीकडे पाठ करून आम्ही मारीन्स्कीचा फोटो काढला, ती बायादेरची जन्मजागा.

गोष्ट भारतातली आहे. देवळातली नर्तकी निकिया आणि योद्धा सोलोर एकमेकांच्या प्रेमात. गोवळकोंड्याच्या राजाला, दुगमंताला, आपली मुलगी गमझट्टी सोलोरला द्यायची आहे. देवळाच्या मुख्य ब्राह्मणाचा स्वतःचाच डोळा निकियावर. वचन मोडतं, फुलांच्या करंडीतून साप निघतो, निकिया मरते. मग सोलोर अफूच्या धुंदीत तिला मेलेल्यांच्या राज्यात भेटतो. नावं ऐकताना कानाला चाळा लागतो. दुगमंतात दुष्मंत, म्हणजे आपला दुष्यंत, ऐकू येतो आणि गमझट्टीत, मूळच्या हम्सात्तीत, शाकुंतलातली हंसपदिका. हे अगदीच हवेतलं नाही. पेतिपाचा भाऊ लुसियाँ याने १८५८ मध्ये पॅरिसला 'साकुंतला' नावाचा बॅले बसवला होता. त्याची संहिता तेओफिल गोतिए या कवीची. आणि या गोतिएने १८३८ मध्ये पुद्दुचेरीकडून पॅरिसला आलेल्या देवदासींचं खरंखुरं पथक पाहिलं होतं. त्यातल्या अमानी नावाच्या नर्तकीने त्याला वेड लावलं होतं. कालिदास असा फिरत फिरत नेवा नदीच्या काठाला लागला. त्याच सुमाराला तो आपल्याकडेही रंगभूमीवर येत होता. बायादेरनंतर तीनच वर्षांनी, १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल उभं केलं. तिथे शकुंतला झालेला पुरुषच होता, पण ती गात होती.

पडदा वर गेला आणि आम्ही दोघी हसू दाबायला लागलो. उंच कळसाचं देऊळ, त्याला तिसऱ्याच देशातला बाक. अंगाला राख फासलेले फकीर होमकुंडाभोवती उड्या मारत होते. मारलेला वाघ खांद्यावरच्या काठीला टांगून आणला, त्याचे पंजे पेंढा भरल्यागत ताठ. पुढे दुसऱ्या अंकात मिरवणूक निघाली. त्यात हत्ती आला तो चाकांवर. मुली मनगटावर खोटे पोपट घेऊन नाचल्या. एकीने डोक्यावर घडा तोलला आणि दोन छोट्या मुली तिच्या मागे लागल्या. सगळ्या अंगाला सोनेरी रंग फासलेली एक मूर्ती जिवंत होऊन दीड-दोन मिनिटं भिंगरीसारखी उडाली. तो सोनेरी देव पेतिपाचा नव्हेच, तो १९४८ मध्ये जोडलेला. मावशी कानाशी म्हणाली, "हा कोणता देव गं?" मी म्हटलं, "यांनाही ठाऊक नसेल."

असं हसणं सोपं असतं. आपल्याविषयी कोणी चुकीचं चित्र काढलं की आपण आधी चुका मोजतो. पण त्याने काय पाहिलं हे बघायचं राहून जातं. पहिल्या अंकात गमझट्टी निकियाला महालात बोलावून घेते. एका बाजूला राजकन्या, दुसऱ्या बाजूला देवळातली नाचणारी. गमझट्टी गळ्यातला हार काढून पुढे करते, घे आणि त्याला सोड. निकिया तो नाकारते. शब्दाला शब्द वाढतो, पण एकही शब्द नाही. हात छातीकडे जातो, म्हणजे मी. दोन्ही हात हृदयावर येतात, म्हणजे प्रेम. बोट वर उचललं, ती शपथ. शेवटी निकियाच्या हाताला खंजीर लागतो, दासी तिला अडवते, आणि आपण काय करत होतो हे कळून ती पळून जाते. या सगळ्यात वाद्यवृंद तिच्या वतीने बोलत असतो, तिच्या वतीने ओरडत असतो. ती मुकीच.

मध्यंतरात सज्ज्यामागच्या बुफेत चहाचे पेले घेऊन आम्ही उभ्या होतो. आजूबाजूला नटलेली माणसं माशाच्या अंड्यांचे सँडविच खात होती. मावशीने मला जो प्रश्न विचारला, तो माझ्या पिशवीतल्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हता.

"अगं, ती गात का नाही?"

"मावशी, बॅले आहे हा. बॅलेत गात नाहीत."

"ते मला समजतंय. पण देवळातली आहे ना ती? देवळातली बाई नाचते आणि गात नाही, असं कुठं असतं?"

तिला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ऑपेरा आणि बॅले या दोन कला युरोपात एका घरात राहतात, त्यांच्या रात्री वेगळ्या. एका रात्री गळ्याची मालकी, दुसऱ्या रात्री पायांची. आपल्याकडे ही वाटणी कोणी केली नव्हती. आणि 'बायादेर' हा शब्द तर आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला. पोर्तुगीज गोव्यातल्या देवळांत नाचणाऱ्या बायकांना बैलादेइरा म्हणत, म्हणजे नाचणारी. फ्रेंचांनी त्याचं बायादेर केलं, रशियनांनी बायादेर्का. गोव्याला त्या बायकांना कलावंतीण म्हणत, नायकीण म्हणत. त्यात गाणं आधी येई. पोर्तुगीजांनी जे डोळ्यांना दिसलं त्याचं नाव ठेवलं. कानांना ऐकू आलं ते किनाऱ्यावरच राहिलं.

दुसऱ्या अंकाच्या अखेरीस निकियाला लग्नाच्या मेजवानीत नाचावं लागतं. सोलोर समोर बसलेला, बाजूला गमझट्टी. चेलोवर एक संथ, खर्जातली धून सुरू होते. निकिया जमिनीशी वाकते, हात लांब करते आणि मागे घेते, जणू एक वाक्य सुरू करून अर्ध्यात सोडते. मग फुलांची करंडी येते. ती सोलोरने पाठवली असं तिला वाटतं आणि त्या आनंदात तिचा नाच जलद होतो. साप चावतो तो त्या आनंदातच. ब्राह्मण विषावरचा उतारा पुढे धरतो. ती सोलोरकडे बघते, तो गमझट्टीसोबत निघून चाललेला. कुपी तिच्या हातून खाली पडते. मरणाचा निर्णय कुपी सोडणाऱ्या त्या हाताने सांगितला. पेतिपाला भारताचं देऊळ काढता आलं नाही, पण हा हात त्याला नीट दिसला होता.

आणि मग तिसरा अंक. ज्याच्यासाठी हा बॅले दीडशे वर्षं जगला, तो 'सावल्यांचा प्रदेश'.

सोलोर अफू ओढून पडतो. मंच काळोखतो. मागे डोंगर, त्यातून आडवा उतरत येणारा उतार. मूळ प्रयोगात इथे उजेडातला एक मायावी महाल होता. १९०० च्या पुनर्रचनेत पेतिपाने महाल काढून हिमालयाच्या अंधाऱ्या कड्यांचं दृश्य केलं आणि नर्तकींची संख्या ३२ वरून ४८ वर नेली. ही कल्पना त्याला दान्तेच्या स्वर्गावर गुस्ताव दोरेने काढलेल्या चित्रांवरून सुचली असं मानतात. आजच्या मारीन्स्कीत ३२ आहेत.

तारवाद्यांवर एक संथ धून सुरू होते. उताराच्या टोकाला एक मुलगी. पांढरा तुतु, म्हणजे बॅलेचा घागरा, हातांना बांधलेली झिरझिरीत ओढणी. ती पुढचा पाय टाकते, त्या पायावर पुढे झेपावते आणि मागचा पाय मागे लांब उचलते. याला अराबेस्क म्हणतात. शरीर एका लांब रेषेत ताणलं जातं, काहीतरी हाताला लागणार आणि निसटणार अशा बेतात. मग ती मागे रेलते, डोक्यावर हात गोल करते, दोन पावलं चालते. आणि परत अराबेस्क. ती पुढे सरकली की तिच्या मागे दुसरी. दोघींचा अराबेस्क एकदम. मग तिसरी. पाऊल बदलत नाही, धून बदलत नाही, वाढते ती फक्त संख्या. जी पहिली आली तिला हे सगळ्यांत जास्त वेळा करावं लागतं, शेवटचीला सगळ्यांत कमी. उतार हळूहळू पांढरा होत जातो.

पाचव्या-सहाव्या मुलीपर्यंत मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल. दहाव्यापर्यंत कंटाळा शिवून गेला. मग शेजारी पाहिलं. मावशीचं बोट मांडीवर मोजत होतं. ती कुजबुजली, "सम सापडली. पाय वर जातो ना, तिथे सम आहे." त्यानंतर मी वेगळंच बघायला लागले. विलंबित ख्यालात आवर्तन फिरून समेवर येतं, तेव्हा आपण नव्या बातमीची वाट बघत नसतो. माहीत असलेल्या जागी परत पोहोचण्याची वाट बघत असतो. संगीत नाटकात पद आवडलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' ओरडत. पेतिपाने तो वन्स मोअर रचनेतच घालून ठेवला आहे, तोही बत्तीसदा. दुःख तरी दुसरं काय करतं? तेच ते दाखवत राहतं. सोलोरला एकच बाई परत हवी आहे आणि त्याचं डोकं त्याला तीच बत्तीस वेळा देतं, एकदाही तिला हात लावू न देता.

याची गंमत अशी की एकीचंही काही चुकून चालत नाही. या मुली रोस्सी रस्त्यावरच्या वागानोवा बॅले अकादमीत घडतात. ती शाळा १७३८ पासूनची. सकाळी आम्ही तो रस्ता पाहून आलो होतो. त्याच्या इमारती २२ मीटर उंच, रस्ता २२ मीटर रुंद आणि लांबी २२० मीटर. मोजून मापून उभा केलेला रस्ता. त्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या मुलींची पावलं अशी होणारच, असं मला आता वाटलं. पण दुर्बिणीतून एकदा मधल्या ओळीतल्या एका मुलीचा टेकलेला घोटा दिसला. अराबेस्कमध्ये थांबताना तो आत-बाहेर अगदी थोडा थरथरत होता. वरचं सगळं शरीर निवांत, पापणीसुद्धा हलत नाही, आणि सगळी मेहनत त्या तेवढ्या हाडापाशी जमलेली.

आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

धून हळू झाली होती. सगळ्या उतरून सरळ ओळींत उभ्या राहिल्या होत्या आणि एकत्र पंजांच्या टोकांवर चढत, उतरत होत्या. त्यांच्या पॉइंट शूजचं टोक कडक केलेलं असतं. ते फळीवर टेकलं की आवाज होतो. एका बुटाचा कोणाला ऐकू आला नसता. बत्तीस जणींचा एकदम आला. वाळलेल्या पानांवर पहिला पाऊस पडावा तसा. वाद्यवृंदाच्या खालून, मंचाच्या लाकडातून. मारीन्स्कीचा जुना मंच प्रेक्षकांकडे थोडा उतरता आहे. तो आवाज आपल्याकडेच सांडत येतो असं वाटतं.

खरं तर हा दोष. सावल्यांना वजन नसतं, त्यांनी आवाज करायला नको. त्या आवाजाने भास मोडायला हवा होता. मला झालं उलटंच. रात्रभर या गोष्टीत एकाही बाईला तोंडाने बोलता आलं नव्हतं. निकिया मुकी, गमझट्टी मुकी, पोपटवाल्या मुकाट. आता मेल्यावर, अंगावरचं सोनं, घडे, देऊळ सगळं काढून ठेवल्यावर, त्यांचा स्वतःचा एक आवाज निघाला आणि तो पायांतून निघाला. पडदा-हत्ती-पोपट यांच्यातला खोटा भारत इथे कुठेच उरला नव्हता. हिमालय म्हणून रंगवलेला कडासुद्धा दिसेनासा झाला होता. उरली होती फळीवर पडणारी पावलं.

पुढे निकिया येते. तिच्या आणि सोलोरच्या हातांत एका लांब पांढऱ्या ओढणीची दोन टोकं. ती एक टोक धरून गिरक्या घेते, तो दुसरं टोक धरून उभा. स्पर्श फक्त कापडाचा. एका क्षणी ती ओढणी सोडते आणि निघून जाते. मागे उरतो तो हातात कापड घेऊन. मूळ बॅलेत याच्यानंतर चौथा अंक होता. त्यात लग्नाच्या वेळी देव कोपून देऊळ सगळ्यांवर कोसळवतात. क्रांतीनंतर तो गळाला आणि १९४१ मध्ये पोनोमार्योव आणि चाबुकियानी यांनी बसवलेली आवृत्ती सावल्यांपाशीच थांबते. न्याय मिळत नाही, शिक्षा होत नाही. मला ते योग्यच वाटलं. शिक्षा झाली असती तर गोष्ट संपली असती.

टाळ्या बराच वेळ चालल्या. गंमत म्हणजे त्याही हळूहळू एका ठेक्यात आल्या, सगळं थिएटर एकदम. मावशी उभी राहून टाळ्या वाजवत होती, पण तिच्या चेहऱ्यावर हिशेब पुरा न झालेल्या माणसाचा भाव होता.

बाहेर बर्फ थांबला होता. क्रुकोव्ह कालव्याच्या कठड्याशी आम्ही टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिलो. कालवा गोठलेला, पलीकडे निळ्या-पांढऱ्या निकोल्स्की चर्चचा मनोरा. मी मावशीला तो बैलादेइराचा प्रवास सांगितला. गोव्याहून पॅरिस, पॅरिसहून इथे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "केसरबाई केरीच्या. गोव्यातल्याच."

केसरबाई केरकर. गोव्याच्या केरी गावात, कलावंतांच्या घरात जन्म. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, तेही कोल्हापूरचेच झालेले. मावशीच्या घराण्याचा सूर. निकिया पहिल्यांदा या चौकात उभी राहिली १८७७ साली. बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी आहे. आपल्या देशातून तिच्यावर एकच गाणं गेलं, केसरबाईंची भैरवी. युरोपने बायादेर म्हणून जिचं चित्र काढलं ती मुकी होती. जिच्यावरून ते चित्र काढलं, तिच्या घरातली मुलगी सूर्यमालेच्या बाहेर गात निघाली आहे.

हे मी मोठ्याने बोलले नाही. मावशीला हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. टॅक्सी येईपर्यंत ती शालीत तोंड लपवून, थंडीने अडखळत, काही गुणगुणत होती. मधेच थांबून विचारलं, "त्या बत्तीस जणी पुन्हा कधी आहेत? परवा आहे का खेळ?"

"परवा ऑपेरा आहे, मावशी."

"मग तोही बघू," ती म्हणाली. "म्हणजे, ऐकू."